औषध गाठीपर्यंत पोचतंय का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंच्या वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. वय ६४, शेतकरी. आजार सापडला तेव्हाच यकृतात पसरलेला होता. जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल अशी केमो चालू आहे. दोन सायकल झाल्यावर सीटी स्कॅन केला, तर गाठ जवळजवळ तेवढीच निघाली. डॉक्टर म्हणाले, 'आजार स्थिर आहे, हेच चालू ठेवू.' पुण्यात नोकरी करणाऱ्या भावानं वाचलं, की स्वादुपिंडाच्या गाठीत औषध शिरतच नाही. त्यानं एक खासगी केंद्रही शोधलंय. केमोच्या वेळी अल्ट्रासाउंड आणि सूक्ष्म बुडबुडे वापरून तिथं 'औषध थेट गाठीत उतरवतात', खर्च काही लाख. त्यासाठी रस्त्याकडेचं अर्धा एकर रान विकायचं घाटतंय. ताई विचारतात: औषध गाठीत पोचतंय की नाही हे दाखवणारी तपासणी असते का? हा उपचार घ्यावा का? आणि बाबांना सुरुवातीलाच मुंबईला नेलं नाही, हे आमचं चुकलं का? वडिलांना अजून 'पोटात गाठ आहे' एवढंच सांगितलेलं आहे.

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पत्रात तो तळाला असला तरी तुमची झोप त्यानंच उडवलेली दिसते. सांगलीत लावलेलं जेमसिटाबिन आणि परळला लावलेलं जेमसिटाबिन यांत फरक नाही. मोठ्या केंद्राचा सगळ्यात जास्त उपयोग अवघड शस्त्रक्रियेत होतो, आणि बाबांच्या बाबतीत आजार यकृतात गेलेला असल्यामुळे शस्त्रक्रियेचा प्रश्नच नव्हता. त्यांना जी दोन औषधं मिळताहेत, ती या आजारासाठी जगभर पहिल्या फळीत वापरली जातात. तुमचं काही चुकलेलं नाही.

आता भावानं वाचलेलं. ते खोटं नाही. स्वादुपिंडाची गाठ नुसत्या कॅन्सरच्या पेशींची नसते. पेशींच्या भोवती तंतूंचं दाट, कडक जाळं माजतं, आणि बऱ्याच गाठींमध्ये पेशींपेक्षा हे जाळंच जास्त असतं. त्याच्या दाबाखाली बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात. शिवाय गाठीच्या आतल्या द्रवाचा दाब वाढलेला असतो, त्यामुळे रक्तातून आलेलं औषध बाहेर पडून आत झिरपायला कचरतं. चिकण मातीच्या रानात पाणी सोडलं तर ते वरवर पसरतं आणि मुळाशी ओल पोचत नाही, तसं काहीसं. गाठीतल्या या दाबाचा पाया घालणारा अभ्यास ज्यांनी केला, ते हार्वर्डचे राकेश जैन मूळचे आपल्याकडचे, आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले अभियंते. औषध तयार करण्याइतकंच ते गाठीत पोचवणंही अवघड आहे, हे त्यांनी फार लवकर ओळखलं.

बाबांच्या सीटीचा रिपोर्ट काढून बघा. त्यात बहुधा 'हायपोडेन्स' असा शब्द असेल. म्हणजे स्कॅनच्या वेळी शिरेतून सोडलेलं कॉन्ट्रास्ट (अवयव उठून दिसावेत म्हणून देतात ते द्रव्य) आजूबाजूच्या स्वादुपिंडात पसरलं, पण गाठीत कमी गेलं, म्हणून गाठ फिल्मवर काळपट दिसली. या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा असंच दिसतं. तेव्हा तुमची शंका रास्त आहे.

मला थांबवावंसं वाटतं ते पुढच्या पायरीवर. 'औषध कमी पोचतं, म्हणून गाठ कमी झाली नाही. जास्त पोचवलं, की बाबा जास्त जगतील.' ऐकायला हे इतकं सरळ आहे, की मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही त्यावर भरवसा ठेवला. त्याचं काय झालं, ते रान विकायच्या आधी तुम्हा दोघांना माहीत असायला हवं.

२००९ साली उंदरांवरचा एक प्रयोग गाजला. तंतूंचं जाळं सैल करणारं औषध जेमसिटाबिनसोबत दिलं, तर गाठीत जेमसिटाबिन जास्त शिरलं आणि उंदीर जास्त जगले. मग तेच माणसांवर करून पाहिलं. २०१२ च्या सुरुवातीला ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण नवं औषध मिळालेल्या रुग्णांची तब्येत उलट लवकर खालावत होती. पुढे २०१४ मध्ये उंदरांवरच्याच अभ्यासांतून दिसलं, की ते जाळं काही प्रमाणात कॅन्सरला आवरूनही धरतं. ते मोडलं, तर आजार मोकाट सुटू शकतो.

दुसरा प्रयत्न याहून मोठा होता. जाळ्यातला हायल्युरोनान नावाचा चिकट पदार्थ विरघळवणारं विकर (एन्झाइम) बाबांच्याच दोन औषधांसोबत दिलं गेलं. सुमारे पाचशे रुग्ण, आणि कुणाला नवं औषध मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. गाठ आकसण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेलं. आयुष्य मात्र वाढलं नाही: एका गटात मध्यावरचा आकडा ११.२ महिने, दुसऱ्यात ११.५. (हे आकडे वाचून घाबरू नका. मध्यावरचा आकडा म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. बाबांच्या वाट्याला काय येईल, ते त्यातून कळत नाही.) २०१९ मध्ये हा निकाल आला आणि कंपनीनं ते औषध सोडून दिलं.

यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. जेमसिटाबिन गाठीत पोचलं म्हणजे काम झालं असं नसतं. ते आधी पेशीच्या आत शिरावं लागतं, त्यासाठी पेशीच्या आवरणावर ठरावीक प्रथिनं असावी लागतात. आत गेल्यावर पेशीतलीच विकरं त्याचं खऱ्या औषधात रूपांतर करतात, आणि दुसरी विकरं ते मोडूनही टाकतात. एखाद्याच्या गाठीत भरपूर औषध जाऊनही पेशी मरत नाहीत ते यामुळेच. पोचणं आणि लागू पडणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि भावानं शोधलेलं केंद्र फक्त पहिलीबद्दल बोलतंय.

तपासणीबद्दल विचारलंत. गाठीत औषध किती गेलं ते मोजता येतं, पण ते संशोधनात. ऑक्सफर्डला यकृतात गाठी असलेल्या दहा रुग्णांवर एक सुंदर प्रयोग झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उष्णतेनं उघडणाऱ्या मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध भरून शिरेतून दिलं, बाहेरून अल्ट्रासाउंडनं फक्त एक गाठ कोमट केली, आणि आधी व नंतर सुईनं तुकडा काढून औषध मोजलं. सरासरी ३.७ पट वाढ झाली होती. ॲम्स्टरडॅमला डोसीटॅक्सेल या केमोच्या औषधावर किरणोत्सारी कार्बनची खूण बसवून फुप्फुसाच्या गाठीत ते किती जातं, हे पेट स्कॅनवर पाहिलं गेलं. तो कार्बन साधारण वीस मिनिटांत निम्मा होतो, म्हणून तो बनवणारं यंत्र शेजारीच लागतं. फाइव्ह-एफयू या जुन्या औषधात फ्लोरिन असतं, ते एमआरआयच्या एका खास पद्धतीनं गाठीत दिसतं. त्यावर १९९० च्या दशकातच काम झालं. हे सगळं खरं आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण यातली कुठलीही तपासणी आज रोजच्या रुग्णसेवेत नाही, मुंबईत नाही आणि बॉस्टनमध्येही नाही. 'आमच्याकडे औषध गाठीत किती गेलं ते दाखवतो' असं कुणी म्हणालं, तर कशानं मोजता, असं विचारा. अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर बुडबुडे चमकताना दिसतात. ते बुडबुडे असतात, औषध नव्हे.

ॲम्स्टरडॅमच्या त्याच लोकांना एक अनपेक्षित गोष्टही सापडली. रक्तवाहिन्या सुधारून केमो चांगली पोचावी, अशी ज्याच्याकडून आशा होती, ते बेव्हॅसिझुमॅब दिल्यावर काही तासांत फुप्फुसाच्या गाठीत जाणारं डोसीटॅक्सेल कमी झालेलं दिसलं. तर्कानं पटलेली गोष्ट शरीरात उलटी निघू शकते. मोजून पाहिल्याशिवाय मी कुणाला पैसे भरायला सांगणार नाही, ते याचसाठी.

आता तो बुडबुड्यांचा उपचार. ही कल्पना भोंदूगिरी नाही. सोनोग्राफीत वापरतात तेच सूक्ष्म बुडबुडे शिरेतून सोडायचे, गाठीवर अल्ट्रासाउंड धरायचा. बुडबुडे थरथरतात आणि आजूबाजूच्या वाहिन्यांच्या भिंती थोड्या वेळापुरत्या सैल होतात. नॉर्वेत बर्गनच्या विद्यापीठ रुग्णालयात स्वादुपिंडाच्या दहा रुग्णांवर जेमसिटाबिनसोबत हे केलं, २०१६ मध्ये निकाल छापला. मध्यावरचं आयुष्य १७.६ महिने आलं; आधीच्या काळातल्या, नुसती केमो घेतलेल्या रुग्णांचं ८.९ होतं. भावानं बहुधा हाच आकडा वाचला असणार. पण रुग्ण दहाच होते आणि तुलना जुन्या नोंदींशी होती. अशा छोट्या अभ्यासात येणारे रुग्ण मुळातच जरा धडधाकट, हिंडतेफिरते असतात, त्यामुळे फरक फुगून दिसतो. आशा ठेवायला हा निकाल पुरेसा आहे. रान विकायला नाही.

भावावर रागावू नका. बाबांसाठी काहीतरी करावं म्हणूनच तो रात्र-रात्र वाचत बसलाय. त्याला काम द्या. भारतात होणाऱ्या प्रत्येक औषधचाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते, आणि ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. त्यानं त्या केंद्राला लेखी विचारावं: तुमच्या उपचाराचा नोंदणी क्रमांक काय, नीतिसमितीची मंजुरी आहे का, मराठीतलं संमतिपत्र आणि त्याची प्रत मिळेल का, काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची? ही खरी चाचणी असेल, तर उत्तरं तयार असतील, आणि ज्या गोष्टीची चाचणी चालू आहे तिचेच लाखो रुपये रुग्णाकडून मागितले जाणार नाहीत. चाचणी नसेल, तर सिद्ध न झालेला उपचार सिद्ध झाल्यासारखा विकला जातोय. नीट नोंदलेली, मोफत चाचणी कुठं सापडली आणि तुमच्या डॉक्टरांना बाबा त्यात बसतील असं वाटलं, तर मी 'नको' म्हणणार नाही. जरूर जा.

भावाला आणखी दोन गोष्टी सांगा. 'नॅनो' उपचार हवा म्हणत असेल, तर तो बाबांना आधीच मिळतोय. नॅब-पॅक्लिटॅक्सेल म्हणजे अल्ब्युमिन या प्रथिनात बांधलेले पॅक्लिटॅक्सेलचे अतिसूक्ष्म कण. आणि लोसार्टन या बीपीच्या गोळीनं गाठीतल्या वाहिन्या मोकळ्या होतात, असं वाचून ती घरीच सुरू करू नका. त्यावरचा २०१९ मधला आशादायक अभ्यास ४९ रुग्णांचा, आजार पसरलेला नसलेल्यांचा आणि वेगळ्या केमोसोबतचा होता. केमोनं अशक्त झालेल्या माणसाचं बीपी उगाच उतरवलं तर तो चक्कर येऊन पडेल.

ज्या वाचकांच्या घरी दुसरे कॅन्सर आहेत, त्यांनी यावरून 'औषध थेट पोचवणं' सगळंच फोल आहे असं समजू नये. यकृताच्या मूळ कॅन्सरमध्ये धमनीतून थेट गाठीत केमो सोडण्याची पद्धत कित्येक वर्षं रुळलेली आहे. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेच्या शेवटी पोटात कोमट केमो फिरवल्यानं फायदा झाल्याचं २०१८ मध्ये डच चाचणीत दिसलं. पोटात पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये वेगळ्या औषधानं तसंच केलं, तेव्हा फ्रेंच चाचणीत आयुष्य वाढलं नाही. तेव्हा कोणता अवयव, कोणतं औषध आणि कोणत्या टप्प्यावर, हे नेमकेपणानं विचारा. एका आजाराचा निकाल दुसऱ्याला लावू नका.

पुन्हा बाबांकडे येते. 'गाठ तेवढीच आहे' हे तुम्ही हरल्यासारखं लिहिलंय. स्कॅनच्या भाषेत सगळ्या मोजलेल्या गाठींची बेरीज ३० टक्के किंवा जास्त कमी झाली तर 'प्रतिसाद', २० टक्के किंवा जास्त वाढली तर 'वाढ', आणि मधलं सगळं 'स्थिर'. बाबांची औषधं ज्या मोठ्या चाचणीनं २०१३ मध्ये प्रस्थापित केली, तिच्यातही तटस्थ तज्ज्ञांनी स्कॅन तपासले तेव्हा प्रतिसाद २३ टक्के रुग्णांतच दिसला होता. तरीही त्या गटाचं आयुष्य नुसतं जेमसिटाबिन घेणाऱ्यांपेक्षा वाढलं, कारण फायदा गाठ आकसलेल्यांपुरता नव्हता. शिवाय पेशी मेल्या तरी तंतूंचं जाळं जागेवर राहतं, म्हणून ही गाठ आकारानं फारशी घटत नाही. न थांबता वाढणारा हा आजार दोन महिने जागचा हलला नाही, याचा अर्थ औषध बहुधा काहीतरी करतंय. परिणाम व्हावा इतकं ते पोचत असणार.

घरी लक्ष ठेवायचं ते या गोष्टींवर: वजन, भूक, दुखणं, आणि बाबा दिवसातला किती वेळ अंथरुणाबाहेर असतात. त्याची एका वहीत तारखेनिशी नोंद ठेवा. डॉक्टरांना ती स्कॅनइतकीच उपयोगी पडते. सीए १९-९ या रक्ततपासणीचा आकडा डॉक्टर पाहत असतील, पण एका आकड्यावर जाऊ नका. पित्ताची नळी तुंबली तरी तो चढतो, आणि काही लोकांच्या रक्तात तो मुळात तयारच होत नाही.

औषध नीट पोचावं म्हणून घरच्यांना करता येण्यासारखं सगळ्यात मोठं काम म्हणजे सायकल वेळेवर आणि पुरेशा मात्रेत होऊ देणं. ती चुकते ती ताप, कावीळ, अशक्तपणा आणि पांढऱ्या पेशी घटल्यामुळे. ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा. पित्तनलिकेत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक नळी) असेल तर थंडी वाजून येणारा ताप म्हणजे तो तुंबल्याची खूण असू शकते. शौचाला तेलकट, पाण्यावर तरंगणारी होत असेल तर अन्न पचत नाहीये. त्यासाठी जेवणाच्या घासांबरोबर घ्यायच्या पाचक विकरांच्या कॅप्सूल असतात. बाबांना त्या दिलेल्या नसतील तर विचाराच. या कॅप्सूलमुळे माणूस पुन्हा खायला लागताना मी पाहते, तेव्हा वाटतं, लाखोंच्या उपचारांची चर्चा होते आणि ही गोळी राहून जाते. एक पाय सुजला किंवा दम लागला, तर रक्ताची गुठळी असू शकते, ताबडतोब दाखवा. बोटांना मुंग्या येऊन शर्टाची बटणं लावायला अडचण होऊ लागली तरी सांगा. 'सांगितलं तर औषध बंद करतील' या भीतीनं बरेच जण लपवतात. डॉक्टर मात्रा कमी करून पुढे जाऊ शकतात. घरी काढा, भस्म, कुणी दिलेली पुडी चालू असेल तर तीही सांगा. ओरडा बसेल, पण यकृतावर आधीच भार आहे.

पैसा खर्च करायचाच असेल, तर आधी बाबांची आनुवंशिक जनुकांची तपासणी करा. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची ती करावी असं आता मार्गदर्शक सूचनांत आहे. बीआरसीए जनुकात दोष निघाला, तर प्लॅटिनम गटातली औषधं जास्त लागू पडण्याची शक्यता असते आणि पुढे ओलॅपॅरिबसारखी गोळीही विचारात घेता येते. दोष असला तर तुम्हा भावंडांनाही स्वतःच्या तपासण्यांची दिशा मिळते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. दुसरं मत हवं असेल तर नक्की घ्या. टाटा मेमोरियलला जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका, सीटीची सीडी आणि बायोप्सीच्या स्लाइड व ब्लॉकही न्या, म्हणजे तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत.

आणि ताई, रान बाबांचं आहे. आजार त्यांचा आहे. तुम्ही दोघं भावंडं त्यांच्या नकळत दोन्हीचा निर्णय घेताय. महिन्यातून तीन आठवडे सलाईन घेणाऱ्या माणसाला 'नुसती गाठ' नाही हे बहुधा कळलेलं असतं. तुम्हाला त्रास नको म्हणून तेही गप्प असतील. सगळं एका बैठकीत सांगू नका. 'बाबा, तुम्हाला आजाराबद्दल किती माहिती हवी आहे?' इतकंच विचारा आणि ते काय म्हणतात ते ऐका. मग विचारा, की येत्या महिन्यांत त्यांना काय करायचं आहे. कुणाला नातवाचं लग्न पाहायचं असतं, कुणाला दुखू नये एवढंच हवं असतं. दुखण्यावर मॉर्फिनपासून पोटातल्या नसांच्या ब्लॉकपर्यंत चांगले उपाय आहेत, आणि ते केमो चालू असतानाच मागायचे असतात, शेवटासाठी राखून ठेवायचे नसतात. सांगणं जड जात असेल तर ऑन्कॉलॉजिस्टना किंवा पॅलिएटिव्ह केअरच्या (त्रास कमी करण्यावर काम करणाऱ्या) टीमला सोबत बसायला सांगा.

जनुकीय तपासणीचं मात्र पुढच्या सायकललाच विचारा. रक्ताच्या एका नमुन्यावर ती होते, पण निकाल यायला काही आठवडे लागतात, आणि पुढचं औषध निवडायची वेळ येईल तेव्हा तो फाइलमध्ये असायला हवा.